रविवारचा तास

शनिवार, ३ ऑगस्ट

आत्या,

नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मला मिळालेली खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून मशीनचा आवाज येतो. संध्याकाळी तो बंद झाला की मग लक्षात येतं, आवाज चालू होता. खोलीत एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची. मालकीण दुसरी खुर्ची देत होती, मीच नको म्हटलं. बसणार कोण? खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. माणसं चढतात, उतरतात. मी त्यांना ओळखायला लागले आहे. ती मला ओळखत नाहीत.

आता कामाचं. मला नववीचं इंग्रजी दिलं होतं. सामाजिक शास्त्राचे सर मध्येच नोकरी सोडून गेले आणि तोही विषय माझ्या गळ्यात आला. वर मोठ्या बाई म्हणतात, "दोन्ही विषय एकाच हातात आहेत तर एका सूत्रात बांधा. एक आठवडा, एक सूत्र. सप्टेंबरात निरीक्षक येतील, ते हाच आठवडा बघतील." मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते त्या आठवड्यावर ठरणार.

शिक्षकांच्या खोलीत विचारावं तर सगळे आपापल्या वह्यांत डोकं घालून. परवा धीर करून एका सरांना विचारलं, "तुम्ही तासाचं टाचण कसं काढता?" ते म्हणाले, "पेनाने." सगळे हसले. मीही हसले.

तू हे दोन्ही विषय जन्मभर शिकवलेस. मला या एका आठवड्याचं टाचण काढून देशील? निदान सुरुवात तरी. सूत्र कुठलं घ्यावं, इथेच माझी गाडी अडली आहे.

तुझी
बडबडी (हल्ली नावापुरतीच)


गुरुवार, ८ ऑगस्ट

बडबडे,

पोस्टमनने तुझं पत्र खालच्या काकूंकडे दिलं. वर अजून कोणी राहतं का, असं त्याने त्यांना विचारलं म्हणे. आता त्याला कळलं असेल.

पेनवाल्या सरांना माझा नमस्कार सांग. प्रत्येक शाळेत असा एक असतोच. त्याने स्वतः कधी टाचण काढलेलं नसतं.

सूत्र घे: ठरवतं कोण? घरात, वर्गात, गावात. नागरिकशास्त्राचा धडा त्यात सहज बसतो आणि इंग्रजीतलं मस्ट, शुड, मे हे सगळं त्यातच येतं. ओढूनताणून काही आणावं लागत नाही.

सोमवारी सामाजिक शास्त्राच्या तासाला प्रत्येकाने घरात नुकताच झालेला एक निर्णय लिहायचा आणि तो कोणी घेतला तेही. हे कागद वर्गात वाचून दाखवू नकोस. कुणाच्या घरात काय निघेल सांगता येत नाही. मंगळवारी तीच वाक्यं इंग्रजीत आणायची. पुस्तकातल्या वाक्यांपेक्षा मुलं स्वतःच्या घरातली वाक्यं जास्त नीट लिहितात, चुका कराव्याशा वाटत नाहीत त्यांना.

बुधवार महत्त्वाचा. त्या दिवशी वर्गाची बैठक भरवायची. एका मुलाला दाराबाहेर उभं करायचं आणि पुढचा आठवडाभर त्याने कुठल्या बाकावर बसायचं ते बाकीच्यांनी ठरवायचं. बाजू मांडायच्या, मत घ्यायचं, रीतसर. मग त्याला आत बोलावून निर्णय ऐकवायचा. घाबरट मूल निवडू नकोस. हसून सोडून देईल असं निवड.

गुरुवारी त्या मुलाला वर्गाने इंग्रजीतून प्रश्न विचारायचे. शुक्रवारी गावचा कारभार: कोण निवडून येतं, कुठे बसतं, कुणाला विचारतं. शनिवारी नवं काही नको. शनिवारी मुलांचं अंग वर्गात असतं, बाकी सगळं घरी पोचलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. टाचण कागदावर काढून भागत नाही. रविवारी खोलीचं दार लाव, उभी राहा आणि आख्खा तास मोठ्याने घे. रिकाम्या खोलीला शिकव. प्रश्न विचार आणि थांब. नव्या बाई प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात, कारण मधली शांतता त्यांना सोसत नाही. मूल उठणार, इकडेतिकडे बघणार, मग बोलणार. तेवढा वेळ खरोखर गप्प उभी राहा. मी नोकरीभर दर रविवारी हे केलं. तुझे काका तेव्हा पेपर घेऊन गॅलरीत जायचे.

तुझे तासही मी इथे घेऊन बघते. कुठे अडतं ते कळवीन.

जेवतेस का वेळेवर? खरं सांग.

आत्या


शनिवार, १७ ऑगस्ट

आत्या,

जेवते. वेळ मात्र विचारू नकोस.

मोठ्या बाईंना सूत्र आवडलं. "हे तुम्हाला सुचलं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. रागावू नकोस.

तुझा बुधवार मी सराव म्हणून नववीच्या दुसऱ्या तुकडीवर करून बघितला. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी बाहेर पाठवली. खोडकर आहे, खो-खो हसते, म्हटलं हिला काही वाटणार नाही. बैठक छान झाली. एकाने ठराव मांडला, की तिने शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ बसावं. तिथे वारा येतो, तिला पाय पसरता येतील, मागच्यांनाही फळा दिसेल. सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते. एकमताने पास.

तिला आत घेऊन निर्णय सांगितला. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "बाई, मी तिथेच बसले असते. तीच जागा मला आवडते." मी म्हटलं, "मग झालं तर!" तर ती रडायला लागली. खो-खो हसणारी मुलगी. मी फळा पुसत राहिले. आधीच पुसलेला होता.

आता खऱ्या आठवड्यात असं झालं तर? निरीक्षक मागे बसलेले असताना मुलगी रडली तर माझं काय?

रविवारी तू सांगितलंस तसा तास घेतला. आवाज आधी फुटेचना. आठवडाभर वर्गात ओरडते आणि स्वतःच्या खोलीत आवाज फुटत नाही! मग जमलं. उतरताना शिंपी भेटला. विचारत होता, "पाहुणे आलेत का बाई?" मी हो म्हणाले.

बडबडी


सोमवार, २६ ऑगस्ट

बडबडे,

मुलगी रडली म्हणजे तास बिघडला नाही, तास पोचला. मीच चुकीचा सल्ला दिला होता, की हसून सोडून देईल असं मूल निवड. हसणारी मुलं सोडून देत नाहीत, आपल्याला तसं वाटतं.

खऱ्या आठवड्यात एकाला पाठवू नकोस, दोघांना पाठव. दोघं मिळून दाराबाहेर असली की रडत नाहीत, खुसखुसतात. आणि गुरुवारच्या तासाला पहिला प्रश्न तू विचार: निर्णय आवडला का, असा नाही. बाहेर उभं असताना आतलं काय ऐकू येत होतं, असा. त्याचं उत्तर इंग्रजीत सोपं असतं आणि बाकीचं आपोआप मागून येतं. मी तो तास इथे दोनदा घेतला. पहिल्यांदा वेळ पुरला नाही. दुसऱ्यांदा बरोबर बसला.

इकडची बातमी म्हणजे आमचा दादा आला होता. गेल्या रविवारी आला, आणि काल परत. काल सूनबाई आणि नातही. एरवी वाढदिवसाला फोन करणारी माणसं! दादाने स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. वर्षभर गळत होता, मी त्याखाली भांडं ठेवून झाडांना पाणी घालत होते. सूनबाईंनी सगळी कपाटं आवरली. आता मला काही सापडत नाही. नात माझ्या मांडीला टेकून चित्रं काढत बसली होती. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता.

दादाने मध्येच विचारलं, "आई, आज वार कोणता?" म्हटलं, "तू आलास म्हणजे रविवार." तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

मला एका डॉक्टरांना दाखवायचं म्हणतो. साधी तपासणी, म्हणतो. दाखवू. चांगलं निमित्त आहे, बरोबर येईल, जाताना येताना बोलणं होईल.

चार ताटं मांडली बऱ्याच दिवसांनी. एक धुवून घ्यावं लागलं, धूळ बसली होती.

पुढच्या पत्रात शुक्रवारचं टाचण सविस्तर पाठवते.

आत्या


बुधवार, ४ सप्टेंबर

बडबडे,

माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे हातीपायी धड आहेत. फोन करणार होतो, पण हे मला तोंडाने बोलवत नाही.

आईबद्दल आहे. गेल्या महिन्यात खालच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तुझी आई वर कुणाशी तरी बोलते, तासन्‌तास, आणि वर तर कोणी नसतं. मला वाटलं रेडिओ असेल. रविवारी न सांगता गेलो. जिन्यातच तिचा आवाज आला. मी दारापाशी उभा राहिलो.

ती प्रश्न विचारत होती. मग गप्प राहायची. आणि मग म्हणायची, "बरोबर. बस खाली." कोणीतरी उत्तर देत होतं गं तिला. मला ऐकू येत नव्हतं एवढंच.

त्यापुढच्या रविवारी गेलो तर हजेरी घेत होती. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्यानंतर थांबून. "सात नंबर आजही नाही?" असं म्हणाली. तुझी वहिनी माझा हात धरून उभी होती. मुलीला आम्ही खाली काकूंकडे ठेवून आलो होतो, बरं केलं. आत गेलो तर हसतमुख, जणू काही झालंच नाही. गॅसवर दूध जळून पातेलं काळं पडलेलं.

आमचं बोलणं झालं आहे. महिनाअखेर तिला इकडे आणतो. मागची खोली रिकामी केली, रंग काढायला माणूस येतोय. तिचं घर बंद करायचं. चावी काकूंकडे ठेवायची, पुढे काय ते बघू. तिला अजून सांगितलेलं नाही. आधी सांगितलं तर हट्ट करेल, तू ओळखतेस तिला. डॉक्टरांकडे नेतो, त्यांच्या तोंडून ऐकलं की बरं पडेल.

तुझा तिच्याशी पत्रव्यवहार आहे म्हणाली. तुला तिच्या लिहिण्यात काही जाणवलं का? जाणवलं असेल तर कळव. आणि तिला यातलं काही बोलू नकोस. सगळं तिच्या भल्यासाठीच आहे.

दादा


रविवार, ८ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. रात्रभर थांबले, कारण काल लिहिलं असतं तर तुला शिव्या दिल्या असत्या.

आत्याला काही झालेलं नाही. ती माझे तास घेते आहे.

मी तिच्याकडे एका आठवड्याचं टाचण मागितलं होतं, इंग्रजी आणि सामाजिक शास्त्राचं. तिची पद्धत आहे, रविवारी रिकाम्या खोलीत आख्खा तास मोठ्याने घ्यायचा. प्रश्न विचारायचा आणि मूल उत्तर देईल तेवढा वेळ गप्प राहायचं. म्हणजे तास किती वेळात बसतो ते कळतं. तू लहानपणी हे ऐकलं नाहीस? काका पेपर घेऊन गॅलरीत जायचे म्हणे. तू कुठे होतास? खेळायला गेला असशील.

तू दाराबाहेर जे ऐकलंस तो माझा गुरुवार होता. उद्यापासून मी तो सगळा आठवडा खऱ्या वर्गावर घेणार आहे, निरीक्षकांसमोर. तिची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी रोज ज्या सरांबरोबर बसते त्यांच्यापेक्षा तिचं डोकं ताळ्यावर आहे.

हजेरीचं मला ठाऊक नाही. टाचणात हजेरी नसते. जुनी सवय असेल. दूध माझंही जळतं.

तिचं घर बंद करू नकोस. आणि करायचंच असेल तर निदान तिला आत बोलावून ठरव. मी गेल्या महिन्यात एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं होतं. कधीतरी भेटलास तर सांगेन.

मी तिलाही आज लिहिते आहे. तू नको म्हणालास तरी.

बडबडी


मंगळवार, १७ सप्टेंबर

बडबडे,

तुझं पत्र मिळालं, दादाला काय लिहिलंस तेही त्यात वाचलं. दादाचा फोन आला होता. हसत होता. "आई, तू पण ना! सांगायचंस तरी!" असं तीनतीनदा म्हणाला. इतका मोकळा हसला, की मी फोन कानापासून लांब धरला. डॉक्टरांची वेळ त्याने रद्द केली. मागच्या खोलीत रंग काढून झालाच होता, तर तिथे आता नातीचं टेबल जाईल. घर बंद करण्याचा विषय संपला. तू बाजू फार छान मांडलीस. मुद्देसूद, पुराव्यासकट. मी तपासलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते.

आता तुला खरं सांगते. तू काही करू नकोस, फक्त वाच.

मला माहीत होतं.

पहिल्या रविवारी नव्हतं. तेव्हा मी खरंच तुझा गुरुवार घेत होते आणि दार उघडलं तर दादा, चेहरा पांढराफटक. मला वाटलं त्याच्या घरी कोणी गेलं. वाराचा प्रश्न त्याने विचारला तेव्हा उमगलं. मी तेव्हाच सांगू शकत होते, "अरे वेड्या, टाचण काढतेय." एका वाक्याचं काम होतं. पण तो नळाखाली वाकून बसला होता, हातात पाना, शर्टच्या बाह्या वर केलेल्या, आणि नळ सुटत नाही म्हणून पुटपुटत होता. म्हटलं, नळ होऊ दे. मग सांगू.

मग तो निघताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो." न विचारता म्हणाला. मी नाही सांगितलं.

आमच्या दाराला वरती काच आहे. जिन्यात कोणी उभं राहिलं की तिच्यावर सावली पडते. ऐकू येत नाही, पण दिसतं. दुसऱ्या रविवारी सावली पडली, दोन माणसांची. माझा तास तेव्हा संपला होता. मी बसायलाच निघाले होते. परत उभी राहिले आणि हजेरी घेतली. तू म्हणालीस तशी ती सवय नव्हती. रिकाम्या खोलीची हजेरी मी आयुष्यात कधी घेतली नाही.

मला कोणी उत्तर देत नाही, बडबडे. हे नीट लक्षात घे. मला आवाज ऐकू येत नाहीत, खरे येत नाहीत तर खोटे कुठून येतील! खोली रिकामी असते आणि ती रिकामी आहे हे मला चांगलं कळतं.

माझं घर जाईल हेही कळत होतं. काकूंच्या तोंडून चावीची गोष्ट निघालीच होती, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मला वाटलं, वेळेवर थांबवता येईल. अजून एक रविवार, मग सांगू. डॉक्टरांसमोर सगळी उत्तरं धडाधड देऊ आणि खरंखोटं करू. मला त्याच्या मागच्या खोलीत जायचं नव्हतं. तो इथे यायला हवा होता. त्याला न्यायचं होतं, मला बोलवायचं होतं, एवढाच फरक. पण तो फरक त्याला सांगणार कसा?

या रविवारी कोणी आलं नाही. का यावं? आई ठणठणीत आहे. काकू रोज वाटीत काहीतरी झाकून आणून द्यायच्या, तेही थांबलं. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुम्ही तर आम्हाला घाबरवलंत हो बाई!" आणि हसत आत गेल्या.

मुलाला बोलवायला कारण लागतं. नळ, ताप, काहीतरी. माझ्याकडे चांगलं कारण होतं, ते तू खोडून काढलंस. तुझी चूक नाही. तू बरोबर उत्तर लिहिलंस.

दूध मात्र खरंच विसरले होते. ते मुद्दाम नव्हतं. हे दादाला सांगू नकोस.

तुझा आठवडा कसा गेला? मी शनिवारपर्यंत रोज घड्याळ बघत होते, आता तिचा दुसरा तास, आता चौथा.

आत्या


रविवार, २२ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मी खाली गेले आणि शिंप्याच्या दुकानात उगाच उभी राहिले. त्याला वाटलं काही शिवायचंय. मी ओढणीला टीप मारून घेतली, उसवलेली नसताना.

आठवड्याचं आधी सांगते. निरीक्षक बुधवारी आले. दोघांना बाहेर पाठवलं, बैठक सुरू झाली. ठराव मांडून होईस्तोवर साहेबांनी घड्याळ बघितलं, उठले, मोठ्या बाईंच्या कानात काही बोलले आणि गेले. त्यांना दुसऱ्या शाळेत जायचं होतं. मत घेणं राहिलं, निर्णय राहिला, गुरुवारचा तर प्रश्नच नाही. मी कायम झाले. अर्ध्या तासावर!

गुरुवारचा तास मी तरीही पूर्ण घेतला, बघायला कोणी नव्हतं तरी. बाहेर काय ऐकू येत होतं, असं विचारलं आणि थांबले. खूप वेळ. दोघांतला एक म्हणाला, आमचं नाव ऐकू येत होतं. पुढचं काही नाही. इंग्रजीत म्हणाला, चुकत चुकत. मला वाटलं, हे आत्याला सांगायला हवं. मग वाटलं, हे सांगायला मला दुसरं कोणीच नाही.

मोठ्या बाईंनी आता सगळ्यांना छापील टाचणं दिली आहेत. वर्षभराची, तयार. नवं काढायचं नाही म्हणतात, वेळ जातो. म्हणजे मला तुझ्याकडे मागायला काही उरलं नाही. हे लिहिताना मी बराच वेळ पेन धरून बसले. शिंप्याला मी पाहुणे आलेत म्हणाले होते ना? तो अजून अधूनमधून विचारतो, पाहुणे गेले का.

मी दादाला पत्र लिहायला नको होतं, असं मला म्हणता येत नाही. तुझं घर गेलं असतं. पण मी दोघांच्या मध्ये उभी राहून बोलले आणि तुला विचारलं नाही. तू मला जे शिकवलंस तेच मी तुला केलं.

आत्या, तू त्याला नुसतं ये म्हणून का नाही सांगत? कारण नसताना. तो नाही म्हणेल अशी भीती वाटते का? मलाही वाटते. मी इथे कुणालाच वर चहाला बोलावलेलं नाही, ते त्याचसाठी. पण मी काल मालकिणीकडून ती दुसरी खुर्ची मागून आणली आहे. दिवाणखान्यातली आहे, फार मोठी, खोलीत मावत नाही. सुट्टीत तू ये. खरंच ये. जिना तेवढा उंच आहे.

बडबडी


गुरुवार, २६ सप्टेंबर

बाळा,

तुला मी पत्र लिहिलेलं आठवत नाही. तू वसतिगृहात होतास तेव्हा तुझे बाबा लिहायचे आणि मी खाली सही करायचे.

मी बरी आहे. नळ गळत नाही. दूध जळलेलं नाही. आज गुरुवार आहे, हे वर लिहिलंच आहे. मला काही नको आहे आणि दुरुस्त करायचं काही नाही.

रविवारी ये.

सूनबाईंना काम असेल तर एकटा ये. उशिरा आलास तरी चालेल आणि लवकर निघालास तरी. काम नसल्यामुळे नुसतं बसावं लागेल. तुझं निम्मं मला ऐकू येणार नाही, मग तू ओरडून बोलशील, मग काकू खालून वर येतील. त्यांनाही चहा देऊ.

तुला वाटेल, आईचं काहीतरी असणार, त्याशिवाय बोलावणार नाही. काही नाही. मी नीट विचार करून लिहिते आहे, काही नाही.

जमणार नसेल तर मात्र कळवू नकोस. रविवारी अंधार पडेपर्यंत मी धरून चालेन, की तू निघाला आहेस.

आई